पहिल्या शब्दापुरता

मित्रांनो, मी एक जुना, छोटासा प्रोग्रॅम आहे. नव्याने शिकणारे लिहितात तसा. पडद्यावर प्रश्न विचारायचा, उत्तराची वाट पाहायची आणि आलेले उत्तर जपून ठेवायचे, एवढेच माझे काम.

मला एका लेकीने घडवले. घशाच्या शस्त्रक्रियेत तिच्या बाबांचा आवाज गेला होता. ती पहाटेच कारखान्यात जाई, तिथून संगणकाच्या वर्गाला. परतेपर्यंत बाबा औषध घेऊन झोपलेले असत. म्हणून तिने मला विचारायला शिकवले, "बाबा, आज कसं वाटतंय?"

'छान', 'हो' असे सुटे शब्द टाकून तिने मला तपासले आणि मी पास झालो. पण तिने दिलेली वाचायची आज्ञा शब्दानंतर मोकळी जागा आली की थांबणारी होती. पुढचे शब्द माझ्या दाराशी ताटकळत आणि पडद्यावरची माझी खिडकी मिटली की नाहीसे होत. वर्गात पूर्ण ओळ वाचायचा धडा अजून व्हायचा होता.

बाबा एका बोटाने अक्षरे शोधत. 'मस्त'. 'कंटाळा'. लेक घरी येऊन ते वाचे आणि हसे. डबा घेऊन येणारी आत्या मात्र रुसायची.

"दादा, बहिणीला नुसती मान हलवून दाखवतोस, आणि या खोक्याशी रोज गप्पा?"

बाबा आवाजाविना हसत.

एके सकाळी त्यांनी बराच वेळ घेतला. 'बरं वाटत नाही. छातीत जड झालंय. डॉक्टरांकडे जाऊ या.' मी त्यातले फक्त 'बरं' उचलले. लेकीने तेवढेच वाचले, निजलेल्या बाबांचे पांघरूण सारखे केले आणि निश्चिंत झोपली.

दुसऱ्या दिवशी बाबा बराच वेळ माझ्या प्रश्नाकडे पाहत राहिले. एकदा सांगितलेले पुन्हा सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी लिहिले, 'ठीक'. पुढे रोज तेच. त्याच आठवड्यात ते गेले.

पाहुणे पांगल्यावर लेक माझ्यासमोर बसली. तिने लिहिले, 'बाबा, तुम्ही मला सांगायला हवं होतं.' मग मी काय जपले ते उघडून पाहिले. तिथे एवढेच होते: 'बाबा,'.

तिने तेच वाक्य पुन्हा लिहून पाहिले. पुन्हा पहिलाच शब्द. आत्याने विचारले, "काय झालं गं?"

"त्यांनी सांगितलं असेल, आत्या. पुढे काय होतं, ते आता कोण सांगणार?"

मला ते ठाऊक आहे. पण मला विचारता येते, सांगता येत नाही.

तिने माझी ती वाचायची आज्ञा बदलली. मित्रांनो, तुमच्याही घरात कमी बोलणारे कोणी असेल. त्यांचे वाक्य संपेपर्यंत थांबा. मला ते फार उशिरा शिकवले गेले.