न लागलेला दांडा

"लागलं कुठं ते दाखवा," ठाण्यातला हवालदार म्हणाला.

"लागलंच नाही," भोंगा म्हणाली.

"मग तक्रार कसली?"

"लागलं नाही म्हणून तर पायांनी आलेय. लागलं असतं तर चौघांनी आणली असती."

धुलाईखान्यात तिला सगळेच भोंगा म्हणत. दवाखान्यांच्या नि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती लांबलचक शेड. यंत्रांची घरघर अशी, की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी तिला नुसते ओठ हललेले दिसायचे. हिचा एकटीचा आवाज काय तो पलीकडे पोचे. बाकीच्या बायका हातांनी बोलत. बोट फिरवलं की चादर उलटी करायची. कपाळाला मूठ लावली की मुकादम येतोय, तोंडं बंद. आणि हात सरळ वर गेला, की जिला दिसेल तिने आपलं यंत्र आधी बंद करायचं, का ते मागाहून विचारायचं. इस्त्रीच्या तापल्या रुळांत चादरीमागोमाग बोटं जायला कितीसा वेळ लागतो?

भांडण त्या रुळांवरूनच झालं होतं. काम भराभर उरकावं म्हणून मुकादमाने रुळांपुढची जाळी काढून ठेवली होती. भोंग्याने सगळ्यांदेखत विचारलं, "जाळी कधी बसवताय? का आमची बोटं इस्त्री करूनच घरी पाठवताय?"

बायका हसल्या. ते हसणं मुकादमाला झोंबलं. उकळत्या हौदातून चादरी उपसायचा दांडा उचलून तो तिच्या अंगावर धावून गेला. दांडा तिच्या डोक्यावर आला आणि तिथेच थांबला, कारण तेवढ्यात मालक दारातून आत शिरला. भोंगा तोवर डोकं हातांत धरून खाली बसली होती. त्या दांड्यापेक्षा आपल्या त्या खाली बसण्याचाच तिला जास्त राग आला होता.

थोरली जाऊ त्याच रुळावर, तिच्या समोर कामाला. घरी आल्यावर तिने समजावलं, "मारलं नाही ना? मग सोड. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"जाऊबाई, मासा मी आहे. तो मगर आहे."

"मग तर आणखीच गप्प बस."

जाऊबाई तरी काय करणार? थोरले दीर अंथरुणाला खिळलेले. घर एकच, पण चुली वेगळ्या; त्यांची चूल त्यांच्या एकटीच्या पगारावर पेटायची.

हवालदाराने कुरकुरत का होईना, तक्रार घेतली. सरकारी वकीलबाईंनी भोंग्याला समजेल असं सांगितलं, "अंगाला लागलं तर मारहाण. पण समोरच्याला वाटावं, आता हा मारतोच, असा हात मुद्दाम उगारला तरी कायद्याने तो हमलाच. मात्र तो भीती घालायलाच उगारला होता, हे दाखवावं लागेल. तो काहीतरी वेगळंच सांगणार."

सांगितलंच. तारखेला मुकादम कोर्टात हात जोडून म्हणाला, "साहेब, हिची बाही रुळात चालली होती. यंत्र बंद करायची खूण म्हणून मी हात वर केला. हातात दांडा होता, तोही वर गेला. जीव वाचवला, त्याचे हे पांग फेडले!"

आणि त्याने साक्षीला उभं केलं जाऊबाईंना.

सकाळी त्या न सांगता घरातून का निघाल्या, ते भोंग्याला आत्ता कळलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. जाऊबाई पदराचं टोक पिळत राहिल्या.

मुकादमाच्या वकिलाने विचारलं, "यांनी हात वर केला?"

"केला."

"हात वर म्हणजे यंत्र बंद करा, हीच खूण ना तुमच्यात?"

"हो."

वकील खुशीत खाली बसला. भोंग्याने मान फिरवली. घरचंच माणूस उलटलं, आता कुणाला सांगायचं?

सरकारी वकीलबाई सावकाश उठल्या. "खूण तुम्हाला दिसली?"

"समोरच होते मी."

"मग यंत्र बंद केलंत?"

जाऊबाईंनी पिळलेलं पदराचं टोक सोडलं.

"शेडमधलं एक तरी यंत्र बंद झालं?"

"नाही."

"का?"

"खूण असती तर हात आपसूक बटणावर गेला असता," जाऊबाई म्हणाल्या. आवाज आधी बसलेला होता, मग चढत गेला. "झोपेत जातो माझा. त्या वेळी मी डोळे मिटले. तिचं डोकं फुटलेलं बघवलं नसतं म्हणून. आणि आता, मुकादम, नोकरीवरून काढायचंय तर काढा!"

बाहेर आल्यावर त्या पायरीवर मटकन बसल्या. "काढलं मला, तर गं?"

"मालकाच्या दारात उभी राहून बोंबलेन. यंत्रांवरून जातो माझा आवाज, त्याची खिडकी काय चीज आहे?"

"तुझ्याविरुद्ध उभी राहिले मी..."

"राहू द्या. पण पुढच्या वेळी डोळे जरा लवकर उघडा."

पुढच्या तारखेला निकाल लागला: मुकादम दोषी. दांडा डोक्यात बसेपर्यंत कायदा थांबत नाही, असं साहेबांनी मुकादमालाच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा रुळाशी गेली. मुकादमाच्या जागी दुसरा आला होता. जाळी मात्र अजून कोपऱ्यातच पडलेली होती. तिने पदर खोचला आणि हात सरळ वर केला.

सगळ्यांत आधी जाऊबाईंनी बटण दाबलं. मग शेजारणीने, मग पलीकडच्या ओळीने. घरघर विरत विरत शेडच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. इतकी शांतता तिथे कुणी कधी ऐकलीच नव्हती. मालक खिडकीशी आला.

आज ओरडायची गरजच नव्हती.

"जाळी," भोंगा म्हणाली. हात तिने खाली घेतला नाही.