या वर्षी भेटवस्तू नकोत

वर्ष सरत आलं, की त्या कुटुंबात देण्याघेण्याचं वारं सुटायचं. थोरली ताई, मधला भाऊ आणि धाकटा अशी तीन घरं. वर्षाच्या शेवटच्या रविवारी सगळे आईकडे जमायचे आणि प्रत्येकाने प्रत्येकाला काहीतरी द्यायचं. काहीतरी म्हणजे साधंसुधं नव्हे! एकाने घड्याळ दिलं, की पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्याच्यावर कडी करायची. मधल्याच्या माळ्यावर न उघडलेल्या खोक्यांची रास लागली होती. घरात फुलदाण्या माणसांपेक्षा जास्त, आणि फुलं मात्र कधीच आणली नव्हती!

मधल्याचं घर कर्जावर घेतलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दोघांच्या पगारातला मोठा घास बँक आधीच उचलायची. उरलेल्यात संसार, लेकीची शाळा आणि वर्षअखेरीची ही चढाओढ.

एके संध्याकाळी तो कामावरून आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला, तो बसलाच. वाकून बुटाची नाडी सोडवेना. तिने खाली बसून ती सोडली.

"आजही जादा काम?"

"या महिन्याचे सगळे रविवार घेतलेत. ताईने मागच्या वेळी केवढा मोठा स्पीकर दिला! आपलंही तिला शोभेल असं नको का?"

"आणि ही कंबर कुणाला शोभते हो?"

तो हसला. पण उठताना त्याला तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बँकेत गेली. हप्त्याव्यतिरिक्त थोडे पैसे भरले तर चालतील का, असं विचारलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "चालतील की! ते थेट मुद्दलातून कमी होतात. तेवढ्यावरचं पुढचं सगळं व्याज वाचतं."

संध्याकाळी तिने नवऱ्याला हे सांगितलं. तो चरकला. "अगं, पण ताई रुसेल. लोक म्हणतील, यांचा हात आखडला."

"म्हणू देत. आणि आपण आयत्या वेळी सबबी सांगायच्या नाहीत. खरेदीला सुरुवात व्हायच्या आतच सगळ्यांना तोंडावर सांगायचं. मी सांगते."

सगळ्यांच्या देखत, सासरच्या माणसांना 'नको' म्हणणं सोपं नसतं. पण ती बोलली! एका संध्याकाळी सगळे आईकडे आले होते; चहाचे कप हातात असतानाच तिने विषय काढला.

"या वर्षी आमच्याकडून भेटवस्तू नाहीत. आणि कृपा करून आम्हालाही कुणी देऊ नका. ते पैसे आम्ही घराच्या कर्जात भरणार आहोत."

ताईने कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्या भेटी तुम्हाला ओझं वाटत होत्या तर!"

"ताई, तुमची माया ओझं नाही. पण ती दुकानातूनच आणायची, असं आपण कधी ठरवलं?"

"आम्ही हौसेने करतो आणि तुम्ही हिशेब मांडता!" ताईने पर्स उचलली. मधला भाऊ मान खाली घालून बसला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली धाकटी जाऊ एकदम रडू लागली.

"वहिनी, बरं झालं तुम्ही बोललात! यांची नोकरी गेलीय. कुणाला सांगायची लाज वाटली. रिकाम्या हाताने यायचं कसं, म्हणून मी बांगड्या गहाण ठेवल्या. ताईंसाठी साडी आणायची होती..."

धाकट्याने तोंड फिरवलं. ताई होती तिथेच थबकली.

सासूबाई निवृत्त नर्स. बोलायच्या कमी, पण बोलल्या की इंजेक्शनसारखं, दुखणार आणि गुण येणार! त्या म्हणाल्या, "वॉर्डात मी उभा जन्म काढला. लोक फळांच्या टोपल्या ठेवून निघून जायचे. पण पेशंट टोपलीकडे बघायचा नाही गं, दाराकडे बघायचा. कुणी घटकाभर बसेल का, म्हणून! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तुम्ही तर शेजारच्याचं अंथरूण पाहून पसरताय! माझ्या सुनेने आज जे सांगितलं, ते सांगायचं धाडस माझ्यातही नव्हतं."

ताई पर्स तशीच हातात धरून धाकटीजवळ गेली. तिची मोकळी मनगटं हातात घेतली.

"वेडे, माझ्या साडीसाठी बांगड्या? खरं सांगू? माझ्या ब्युटी पार्लरसाठी कर्जाने घेतलेल्या खुर्च्यांचे हप्तेही थकलेत. थोरली म्हणून माझाच हात मोठा दिसायला हवा, एवढाच माझा हट्ट!" मग ती मधल्या वहिनीकडे वळली. "चुकले मी. तू बोललीस म्हणून सगळ्यांचीच सुटका झाली बघ!"

ताईने भेटींसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आधी बांगड्या सोडवल्या. वर्षाच्या शेवटच्या रविवारी सगळे मोकळ्या हातांनी आले. ताईने घरातल्या प्रत्येकाचे केस कापले. धाकट्याचे जरा जास्तच कापले गेले आणि त्यावरून दिवसभर हसणं चाललं. मधल्याने धाकट्याला नोकरीसाठी आपल्या साहेबांकडे न्यायचं कबूल केलं आणि पुढच्याच आठवड्यात नेलंही.

मधल्या घरातून दरवर्षी भेटींचे पैसे बँकेत जाऊ लागले. नवऱ्याने जादा रविवार सोडले. लेक त्याच्याबरोबर सायकल शिकली. आणि ठरल्या मुदतीच्या कितीतरी आधी एके दुपारी दोघं घराची कागदपत्रं घेऊन बँकेतून बाहेर पडली. रस्त्यात तो म्हणाला, "आज माझी छाती फुगलीय बघ. पण हे घर तू सोडवलंस."

"मी कुठे? मी फक्त तोंड उघडलं," ती म्हणाली.

मंडळी, तेच तर अवघड असतं! नात्यांसाठी खर्च जरूर करा, पण वेळेचा, मायेचा, आधाराचा. कर्ज असेल तर ते आधी फेडा, आणि 'आम्हाला यंदा जमणार नाही' हे मान वर करून सांगा. कोण जाणे, तुमच्याच घरात कुणीतरी हे एक वाक्य ऐकायला आसुसलेलं असेल!