बाईजाची जागा

नव्या सिस्टीमची बैठक सुरू झाली, तशी रंजिता कान टवकारून बसली. विद्यापीठाच्या मुरबाडजवळच्या उपकेंद्रात ती आस्थापना विभाग सांभाळायची, म्हणजे कोण कामावर आणि कोण रजेवर याची सगळी उठाठेव. आता हे संगणकावर जाणार होतं. प्रत्येक कर्मचाऱ्याचा चेहरा एकदा टिपायचा, मग रोज हजेरीला तोच दाखवायचा. ओळख पटवून द्यायची ती रंजितानेच.

"तुमच्याकडे काही वेगळी पद्धत असेल तर आत्ताच सांगा," कंपनीचा माणूस म्हणाला. "आराखडा ठरला की बदल नाही."

वेगळी पद्धत होती ना! वसतिगृहाच्या मेसमध्ये बाईजाच्या जागेवर दोघी राबायच्या, बाईजा आणि तिची धाकटी जाव जया. एक शेतावर, तर दुसरी भाकऱ्या थापायला. हजेरी कायम बाईजाचीच लागायची. मुलं दोघींनाही बाईजामावशीच म्हणायची आणि भाकरी कुणाचीही असली तरी तिच्यावर तुटून पडायची. रंजिताला हे सगळं ठाऊक होतं, पण तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

तिने खुर्चीत चुळबुळ केली, ओढणी सारखी केली, शेवटी बोललीच. "सर, एका पदावर दोन माणसं दाखवता येतील का? आलटून पालटून?"

उपकेंद्राचे साहेब महिपतराव खो खो हसले. "मग एका खुर्चीवर दोन कुलगुरूही बसवू की!"

सगळे हसले. रंजिताला मात्र बिस्कीट गिळेना. खरं सांगावं तर दोघींचंही काम जाणार, गप्प बसावं तर एकीचं. हसणाऱ्यांचा तिला मनस्वी राग आला. त्याच दोघींच्या हातचं जेवून या लोकांनी ढेकर दिले होते!

बैठक सुटताच ती मेसमध्ये गेली. जया पीठ मळत होती आणि बाईजा तिला घरी न्यायला आली होती. रंजिताने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"जागा तुमचीच हाय, बाय," जया जावेला म्हणाली. "मी कुठं काय म्हनते?" पण तिचे पिठातले हात थांबले. शेत मोठ्या दिराच्या नावावर. नवरा गेल्यापासून घरात तिला कुणी विचारत होतं, ते या कामामुळेच.

बाईजाने कढई घासायला घेतली.

चेहरे टिपायचा दिवस येईपर्यंत रंजिताचं कशात लक्ष लागेना. वाशिंदला घरी जाऊन ती नवऱ्यावर उगाचच खेकसली.

फोटोच्या दिवशी दोघीही आल्या. महिपतराव जातीने हजर होते.

"बाईजा कोण?" त्यांनी विचारलं.

बाईजाने जयाला दंडाला धरून स्टुलावर बसवलं. "ही."

"आणि तुम्ही?"

"मी जया. हिची जाव."

जया उठायला गेली, तर बाईजाने तिचा खांदा दाबला. "बस ना गो, साहेबांचा टाइम जातो." मग ती रंजिताच्या कानाशी लागली. "मला नवरा हाय, शेत हाय. हिला काय हाय?"

साहेब रंजिताच्याच तोंडाकडे बघत होते. जयाने मान खाली घातली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"चेहरा दिसत नाही," कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"मान वर करा, बाईजाताई," रंजिता जयाला म्हणाली.