धारचा मुराळी

इरावतीचा कर्करोग पोटात सगळीकडे पसरला होता. देवासला दर महिन्याला तिचं रक्त तपासत. त्यातला आकडा उतरला तर औषध लागू पडलं, असं डॉक्टर सांगत. तो उतरला की धारला माहेरी जायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

या खेपेला आकडा दुपटीनं चढला. तिचा नवरा माधव म्हणाला, "औषध बदलतील. माहेरचं पुढच्या महिन्यात बघू."

मुराळी न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरी जायचं नाही, अशी त्यांची रीत. तिनं धाकट्या भावाला फोन लावला.

"धवल, न्यायला ये."

"उतरला का आकडा, ताई?"

"नाही रे भिया, चढला. म्हणून तर आजच ये. आणि माईला म्हणावं, माझं अंथरूण तुझ्याशेजारीच घाल."