घरचं झाड

सातव्या महिन्यात मी बाळंतपणासाठी लिंबागणेशला माहेरी आले आणि पार झोपाळू झाले. जेवण झालं की डाळिंबाच्या बागेत बाज टाकायची. पानांमधून ऊन अंगावर सांडायचं आणि मी जागी आहे की झोपेत, हे माझं मलाच कळायचं नाही. स्वप्नातही पोटातलं लेकरू डाळिंबाचे दाणे वेचत बसलेलं दिसायचं.

बाज मात्र एकाच झाडाखाली. त्याला आईच्या लाल लुगड्याची चिंधी बांधलेली असे. ते घरचं झाड. त्यावर औषध मारायचं नाही, ते आपण खायचं. बाकीची बाग बाजाराची. आमच्या भावकीत हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

त्या दिवशी जरा डोळा लागला आणि उग्र वास नाकात शिरला. पलीकडच्या ओळींतून धुकं सरकत येत होतं. तोंडाला उपरणं बांधून माझे वडील, अण्णा, फवारत होते. हे काही स्वप्न नव्हतं.

"माय, घरात जा! वास बाधंल तुला!"

"उद्या तोडणी ना, अण्णा? मग आज कावून फवारता?"

"डाग पडायलेत. डागी माल कोन घेतंय? औषध मारल्यावर काही दिस तोडू नका म्हणतेत, पर भाव हाय तवर..." ते हसले. "तुला काय त्याचं? तू घरच्या झाडाचं खा."

"पुण्यात कुठलं आलंय घरचं झाड?" मीही हसतच म्हणाले. "तिथं मी रोज तुमचंच डाळिंब खात होते. दुकानात पेटीवर तुमचं नाव दिसलं, 'राधाकिशन, लिंबागणेश', मग दुसऱ्या कुणाचं घेतलंच नाही. म्हटलं, आपल्या घरचं आहे."

बोलून झाल्यावर मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते. हात पोटावर गेला. भीती वाटली, अण्णांचा भयंकर रागही आला. अण्णांनी पंप बंद केला.

संध्याकाळी फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, तपासण्या चांगल्या आहेत, काळजी करू नका. काळजी असं सांगून ऐकते होय!

सकाळी बागेत गेले आणि पुन्हा झोपेत असल्यासारखं वाटलं. आईचं अख्खं लुगडं फाडून अण्णांनी झाडाझाडाला चिंध्या बांधल्या होत्या. वाऱ्यावर सगळी बाग लाल हलत होती. बांधावर व्यापाऱ्याचा टेम्पो घेऊन आलेला तानाजी चक्रावून उभा होता.

"अण्णा, यातलं घरचं कोनतं?"

"समदंच. औषधाचे दिवस सरल्याबिगर तोडनार न्हाई. जा तू."

"भाव पडंल की!"

"पडू दे."

टेम्पो गेला. अण्णा माझ्याजवळ आले, पण माझ्याकडे न बघता उगाच एक चिंधी घट्ट करत राहिले. बाळाचा विषय त्यांनी माझ्याशी कधी काढला नव्हता. आमच्याकडे बाप लेकीशी असलं बोलत नाही.

"माय," ते म्हणाले, "हलतंय न्हवं ते?"

"हलतंय, अण्णा."

ते तिथंच मातीत बसले. मी घराकडे निघाले, तर मागून पुन्हा हाक आली.

"आन आत्ता? आत्ताबी हलतंय?"