नैसर्गिक पूल, सकाळी नऊ ते अकरा

मी अंदमानची वही बोलतेय. जन्म अंदमानातला नव्हे, नागपुरातला, सीताबर्डीवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातला. दोनशे पानं, लाल पुठ्ठा, कापडी पाठ. माझ्या जोडीच्या वह्या कुणी शाळेत नेल्या, कुणी भजनी मंडळात. मी मात्र आठ वर्षांत अठरा वेळा समुद्र ओलांडला, आणि त्यातली दोन वर्षं तर कोरोनानेच खाल्ली. याचं मला फारसं कौतुक नाही. बॅगेत टॉवेल आणि शेवेच्या पाकिटाच्या मधे बसलं की सगळे प्रवास सारखेच वाटतात.

मला विकत घेतलं आनंदरावांनी. ते तेव्हा केंद्र सरकारच्या एका कचेरीत आवक-जावक विभागात होते. अशा कचेऱ्यांत एलटीसी नावाची सवलत असते, म्हणजे नोकरदाराला बायकापोरांसह फिरून यायला सरकारच भाडं देतं. त्या सवलतीत विमानाने अंदमान गाठता येतं हे कळलं आणि सगळी कचेरी अंदमानच्या नावाने खुळावली. ज्यांनी जन्मात अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, ते जेवणाच्या सुट्टीत बेटांच्या नावांवरून भांडायला लागले. पहिला नंबर आनंदरावांचा लागला. ते आणि त्यांच्या पत्नी अंजनाबाई सहा दिवस जाऊन आले, आणि परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या टेबलावर होते.

पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.’ मग पट्टी घेऊन समास आखले आणि दोनशेच्या दोनशे पानांना आकडे घातले. त्यांच्या कामाची एक रीत होती. लिहिलेल्यावर गिरवायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही. चुकलंच तर एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. पण चुकायचं कशाला? सगळ्या नोकरीत आपल्याला अशी रेघ फारशी मारावी लागली नाही, याचा त्यांना गर्व होता. तो मला त्यांच्या पेनाच्या दाबातून कळायचा. एकेक अक्षर मागच्या पानावर उमटायचं.

सूचना मात्र कामाच्या होत्या, हे मी मान्य करते. ‘तिथे सूर्य आपल्या आधी उगवतो आणि आपल्या आधी मावळतो. थंडीत साडेपाचला अंधार. दुपारी जेवून झोपलात तर दिवस गेला समजा.’ ‘बोटीच्या दिवशी सकाळी तर्रीपोहे खाऊ नयेत. बोटीत मधोमध बसावे, मोबाईलमध्ये न पाहता लांब पाहावे.’ ‘लहान बेटांवर एटीएमच्या भरवशावर राहू नये.’ ‘शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नये. विमानतळावर बॅग उघडतात, इज्जत जाते.’ ‘शहाळ्यातले पाणी पिऊन झाल्यावर ते परत द्यावे, फोडून आतली मलई देतात.’ ‘हवाई चप्पल नको, मागून पट्ट्याची घ्यावी.’ आणि जाणाऱ्या प्रत्येकाने दोनदा वाचलेली सूचना अशी, ‘सोबत मिरचीचा ठेचा न्यावा. तिथल्या भाजीला चव आहे, पण जोर नाही.’

अकराव्या पानावर लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं, ‘नील बेट. नैसर्गिक पूल. समुद्र सकाळी नऊ ते अकरा मागे असतो. बिनधास्त आत जावे.’

नील बेटाचं कागदोपत्री नाव आता शहीद द्वीप आहे, पण आनंदरावांच्या तोंडी नीलच बसलेलं. तिथल्या किनाऱ्यावर लाटांनी कोरलेली दगडाची मोठी कमान आहे. ओहोटीला पाणी मागे गेलं की खडकांवरून चालत तिच्यापर्यंत जाता येतं. खळग्यांत निळे मासे, काळे लांबोडके जीव, काय काय दिसतं. आनंदराव गेले त्या दिवशी नऊला ओहोटी होती. कार्यालय दहाला उघडतं तसा समुद्र नऊला मागे जात असणार, असं ते धरून चालले. तिथल्या कुणाला विचारलं नाही. आमच्या नागपूरला समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. पाणी रोज वेळ बदलतं, ही गोष्ट इथल्या माणसाच्या डोक्यात येणार तरी कशी? तलावाचं पाणी कधी असं वागत नाही.

मग मी घरोघर फिरू लागले. धरमपेठेतले साहेब, हिंगण्याकडचे शेजारी, कुणाचे व्याही, कुणाचे साडू. परत आल्यावर मला आनंदरावांच्या घरी स्वतः आणून द्यायचं, अशी पद्धत पडली. अंजनाबाई चहा ठेवायच्या. आनंदराव चष्मा लावून नव्याने लिहिलेल्या ओळी आलेल्याच्या तोंडावर मोठ्याने वाचायचे, आणि आपली एखादी सूचना कुणी खरी ठरवली की मांडीवर थाप मारायचे. निवृत्त झाल्यावर तर त्यांना हाच एक विरंगुळा उरला होता.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कुणाला सांगू शकले नव्हते. त्यांच्याच कचेरीतले शिपाई नत्थूजी कुटुंबासह गेले, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. साडेनऊला पुलाशी पोचले, तर कमान कमरेपर्यंत पाण्यात. नत्थूजींनी घड्याळ पाहिलं, मला उघडलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. मग सगळे वाळूत बसून चिवडा खाऊन परत फिरले. नागपुरात आल्यावर त्यांनी माझ्यात लिहिलं, ‘पूल पाहिला. वेळ बरोबर. उत्तम.’ असं करणारे ते एकटे नव्हते. एवढी रजा काढून, एवढा समुद्र ओलांडून गेलेला माणूस सहल फसली असं कधी सांगत नाही, हे मी पाहिलंय. त्यातून समोर आनंदराव बसलेले, हातात चहाचा कप. वहीला लिहिणाऱ्याचा हात धरता येत नाही. सतरा कुटुंबं झाली तेव्हा अकराव्या पानाच्या समासात अकरा वेळा ‘उत्तम’ लिहिलेलं होतं.

अठरावी पाळी घरचीच आली. आनंदरावांची मुलगी रोशनी आणि जावई विक्रम अंदमानला निघाले आणि अंजनाबाईंनाही सोबत घ्यायचं ठरलं. आनंदरावांनाही खूप आग्रह झाला.

“मी पाह्यला ना समुद्र,” ते म्हणाले. “तोच तं आहे. पुन्हा काय पाहाचं त्याच्यात? तुमी जा. वही घेऊन जा म्हंजे झालं.”

नील बेटावर ते नऊला पोचले. पाणी अजून मागेच होतं, पण परतीच्या वाटेला लागलेलं. किनाऱ्यावर शहाळी विकणारा एक म्हातारा बंगाली माणूस बसला होता. त्याने तिघांना हाक मारली.

“दादा, अभी मत जाओ. पानी लौट रहा है. आज सुबह छे बजे का टाइम था.”

विक्रमने मला बॅगेतून काढलं आणि अकरावं पान त्याच्यासमोर धरलं. “नऊ ते अकरा. लेखी आहे काका, हमारे ससुरजी का. अकरा जणांनी सही केल्यासारखं लिहिलंय.”

म्हातारा हसला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. “समंदर की ड्यूटी रोज पौन घंटा खिसकती है, बेटा.”

पण लेखी ते लेखी. तिघं आत गेले. पहिल्यांदा आलेली रोशनी खळग्यांपाशी रेंगाळली, विक्रम फोटो काढत तिच्या मागे राहिला. अंजनाबाईंना वाट ठाऊक होती म्हणून त्या पुढे गेल्या. कमानीच्या अलीकडे त्यांचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला तो निघेना. वाकून ओढायला गेल्या आणि बसल्या त्या बसल्याच. पट्ट्याची चप्पल घोट्याशी घट्ट. पाणी आधी मांडीला लागलं, मग पोटाला. रोशनी हाका मारत धावत होती, पण लाटेचा आवाज मोठा. विक्रमने पाय ओढून पाहिला तर अंजनाबाई किंचाळल्या. बॅग त्याच्या पाठीवर होती आणि मी बॅगेत. माझे कोपरे भिजले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पाणी किती वर आलंय.

शहाळेवाला कोयता घेऊन आला. पाण्यात हात घालून त्याने चपलेचा पट्टा कापला, आणि विक्रमने व त्याने मिळून अंजनाबाईंना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. पाऊल प्रवाळाने फाटलं होतं. म्हाताऱ्याने रागावण्याऐवजी एक शहाळं फोडून त्यांच्या हातात दिलं. त्या ते नुसतं छातीशी धरून बसल्या.

परतीच्या विमानात विक्रम म्हणाला, “आई, बाबांले नका सांगू. पाय घसरला म्हना.” रोशनी खिडकीबाहेर पाहत राहिली. अंजनाबाईंनी मान हलवली. घरी आल्यावर आनंदरावांनी विचारलं, “पूल पाह्यला काय?” विक्रम म्हणाला, “मस्त बाबा. वेळ एकदम बरोबर.” चार दिवस घरात सगळे मूग गिळून बसले. पायाची पट्टी मात्र रोज बदलावी लागायची.

रविवारी सकाळी मला न्यायला दिपाली आली. आनंदरावांच्या जुन्या कचेरीतली ही तरुण कारकून, पुढच्या आठवड्यात नवरा आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन निघणार होती. चहा झाला. आनंदरावांनी मला मांडीवर उघडलं. भिजल्याने पानं फुगली होती, बोटीत लाट आली असं त्यांना सांगितलेलं; ती त्यांनी हाताने दाबून सारखी केली.

“हे पान नीट वाचजो बेटा,” ते म्हणाले. “पोरीले पूल जरूर दाखवजो. नऊ ते अकरा. बिनधास्त.”

“नको नेऊ वं तिले,” अंजनाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या लंगडत येऊन खुर्चीवर बसल्या आणि पट्टी बांधलेला पाय त्यांनी पुढे केला. “हे घसरून नाई झालं. नऊलेच गेलो होतो आमी. पानी आलं. माहा पाय अडकला होता.”

आनंदरावांचा आवाज चढला. “असं कसं होईन? आपन दोघं नाई गेलो काय? अकरा जनाईनं उत्तम लिवलं आहे! अकरा जन खोटं लिवतीन?” त्यांनी मोबाईल उचलला, नत्थूजींना लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. “नत्थूजी, सांगा गा. नीलचा पूल. तुमी गेले तवा पानी मागं होतं ना?”

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

“साहेब,” नत्थूजी म्हणाले, “पानी होतं. कमरेवर होतं. आमी वाळूत बसून परत आलो.”

“मंग उत्तम काहून लिवलं?”

“तुमाले वाईट वाटलं असतं साहेब. तुमी चहा पाजून राहिले होते.”

आनंदरावांनी फोन ठेवला. दुसरा लावला नाही. दिपाली कपातल्या चहाकडे पाहत होती. विक्रम उठून गॅलरीत गेला. मला वाटलं होतं आनंदराव भडकतील, नत्थूजींना बोल लावतील, अंजनाबाईंना विचारतील की तू तरी आल्या आल्या का नाही सांगितलंस. त्यांनी ते विचारलं नाही. उत्तर त्यांना आताच फोनवर मिळालं होतं.

“किती पानी होतं वं?” त्यांनी हळू विचारलं.

“गळ्यापरेंत.”

त्यांनी खिशातून पेन काढलं. अकराव्या पानावर, लाल अक्षरांवरून, पट्टी न घेता एक रेघ मारली. रेघ वाकडी आली. बाजूला सही केली, तारीख टाकली. त्याखाली लिहिलं, ‘पाण्याची वेळ रोज बदलते. तिथल्या माणसाला विचारावे. तो नको म्हणाला तर जाऊ नये.’ या वेळी अक्षर मागच्या पानावर उमटलं नाही.

मग त्यांनी मला आणि पेनाला अंजनाबाईंपुढे ठेवलं. “तू बी लिव.”

“मी काय लिवू जी?”

“झालं ते.”

आठ वर्षांत अंजनाबाईंनी माझ्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. अठरा कुटुंबांना चहा मात्र त्यांनीच पाजला. त्यांनी सावकाश, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर जोडून लिहिलं आणि मला दिपालीकडे दिलं.

आता मी तिच्या पिशवीत आहे आणि उद्या निघायचं आहे. माझी पानं नीट मिटत नाहीत, पुठ्ठ्याला मिठाचे पांढरे डाग पडलेत. तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी पुढे कधी आले तर ठेचा, बोट, शहाळं सगळं वाचा, त्यात खोट नाही. पण आधी अकरावं पान काढा. तिथे वाकड्या रेघेच्या खाली अंजनाबाईंचं अक्षर आहे, ‘पाणी गळ्यापर्यंत आले होते. मला फार भीती वाटली. घरी कुणाला सांगितले नाही.’ एवढ्या माणसांनी माझ्यात लिहिलं, पण भीती वाटली असं त्याआधी कुणीच लिहिलं नव्हतं.