झोपेतला दादा

न्हाव्याचा थोरल्या भावाशी नऊ वर्षं अबोला होता. कारण ऐकून लोक हसत, पण त्याच्या जिवाला ते लागलं होतं. थोरला स्वतःच्या मुलीच्या लग्नात केस कापायला दुसऱ्याच दुकानात गेला होता! घरचा न्हावी असताना!

"मेलो तरी त्याच्याशी बोलणार नाही," असं तो कात्री चालवता चालवता गिऱ्हाइकांना सांगायचा. जेवण झालं की ग्राहकांच्याच खुर्चीत मान टाकून घोरायचा आणि झोपेत भडाभडा बोलायचा. कोणाशी? तर दादाशीच.

"दादा, पाय ठणकतोय रे... खाली ठेवू नकोस हं!"

पेपर वाचायला येणारे निवृत्त मास्तर हे रोज ऐकत. एकदा त्यांनी जागेपणी विचारलं, तर न्हावी उसळला. "मी? आणि त्याचं नाव घेईन?"

मास्तर मग त्याच्या बायकोकडे गेले. ती म्हणाली, "लहानपणी पायात काच घुसली होती. भाऊजींनी पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं. हे जागेपणी कधी बोलत नाहीत त्याबद्दल." पदर खोचून ती तडक दिराच्या घरी गेली. "भाऊजी, यांचा तुमच्याशी फक्त दिवसा अबोला आहे. तोही जेवणापर्यंतच. नंतर दुकानात येऊन ऐका."

दुसऱ्या दुपारी थोरला गुपचूप शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. घोरणं सुरू झालं, मग बोलणं.

"दादा, खाली ठेवू नकोस."

थोरला त्याच्याकडे वाकला. "नाही ठेवत रे, वेड्या."

झोपेतच न्हाव्याने त्याची बाही घट्ट धरली. डोळे उघडले, तेव्हा बाही हातातच होती. सोडावी की धरावी, हे त्याला कळेना. मास्तरांनी पेपर तोंडावर ओढला.

"तू कशाला आलास?"

"केस वाढलेत."

न्हाव्याने कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधलं. मग कात्री चालू झाली.

"लग्नात दुसऱ्याकडे का गेलास?"

"मांडवाचं, पाहुण्यांचं सगळं तूच बघत होतास. आणखी कामाला कुठे जुंपू तुला?"

"मग सांगायचं होतंस तसं!"

"तू ऐकतोस कुठे? निदान जागेपणी?"

न्हाव्याला हसू आवरेना. "पण त्याने कापले मात्र भयंकर होते, दादा."

"म्हणून तर सगळ्या फोटोंत मी टोपीत आहे."